हिशेबाबाहेरचे तास

आज रविवार. हे पान आपण बहुधा दुसऱ्या चहाबरोबर वाचत असाल. ही सुट्टी सरकारी कचेऱ्यांना फार पूर्वीपासून होती. गिरणीतल्या माणसाला मात्र नव्हती. मुंबईच्या गिरणी मालकांच्या संघटनेने ती मान्य केली १० जून १८९० रोजी, आणि तिच्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना सहा वर्षे खटपट करावी लागली. लोखंडे स्वतः एका गिरणीत भांडारपाल होते, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनसाठी साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि अपघात झाला तर भरपाई.

मी आयुष्याची तीसएक वर्षे बँकेत काढली. त्यामुळे असेल, पण माझे लक्ष चौथ्या मागणीवर अडकते. पगार किती, याबद्दल त्या अर्जात मागणी नाही. पगार कधी, याबद्दल आहे. पंधरा तारखेच्या आत मिळावा असे मागावे लागते, म्हणजे एरवी तो केव्हा मिळत असेल याची कल्पना करावी. तोवर वाण्याची उधारी आणि पठाणाचे व्याज. महिनाभर राबून झालेल्या माणसाचे पैसे मालक आणखी महिनाभर बिनव्याजी वापरतो आणि तोच माणूस तेवढे दिवस व्याजाने पैसे काढून भात खातो! बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्ज देणारा कामगार आणि घेणारा मालक, पण व्याज भरणाराही कामगारच. पगाराची तारीख कायद्यात आली ती १९३६ साली. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याची ७ तारीख, जास्त असतील तर १०. अर्ज १८८४ चा, कायदा १९३६ चा. मधल्या बावन्न वर्षांत दोन पिढ्या निवृत्त झाल्या.

या पिढ्या बऱ्याच अंशी आपल्याच होत्या. १९११ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईच्या गिरण्यांतले जवळजवळ निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यातले होते (तेव्हा सिंधुदुर्गही त्यातच होता). आजही आपल्याकडे खाडीकाठच्या गावात कुठल्याही घरात विचारा, एखादा आजा-पणजा साचेखात्यात नाही तर कताईत निघतोच. कामाच्या तासांचा इतिहास हा आपल्या जिल्ह्याच्या घराघरांतला इतिहास आहे. आपण तो ‘मुंबईचा’ म्हणून सोडून दिला, इतकेच.

तो इतिहास थोडक्यात असा. १८९१ च्या कायद्याने बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली, पुरुषांना काहीच नाही. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचा आधार गेला. चौदा-पंधरा तास काम चालू लागले. (आमचा पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. हातात मोबाईल आल्यापासून त्याचाही सूर्यास्त गेला आहे. पण त्याच्याकडे नंतर वळू.) १९११ साली कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा आली, १९२२ साली आठवड्याला साठ तास, १९३४ साली चोपन्न. चोपन्नाचे अठ्ठेचाळीस झाले १९४६ मध्ये. ते विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडणारे मजूर खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. १९४८ च्या कारखाने कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस आणि त्यावरच्या तासाला दुप्पट दर, हे पक्के झाले.

प्रत्येक पायरीवर विरोध झाला आणि विरोधाचे कारण जवळजवळ एकच होते. आपण तास कमी केले तर दुसरा पुढे जाईल. १८८१ आणि १८९१ च्या कायद्यांच्या वेळी हा ‘दुसरा’ म्हणजे लँकेशायर. कामगारांची कणव हे नुसते सोंग आहे, खरा डाव देशी गिरण्या बुडवण्याचा आहे, असे अनेक देशभक्त पत्रांनी लिहिले. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. लँकेशायरच्या मालकांचा त्यात स्वार्थ होताच. पण त्यामुळे भायखळ्याच्या गिरणीत चौदा तास उभ्या असलेल्या आपल्या माणसाचे पाय दुखायचे थांबत नव्हते.

हे सारे आज आठवण्याचे कारण घडले आहे ते असे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. सलग काम पाच तासांऐवजी सहा तास, मग विश्रांती. तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने-आस्थापनांत नवाऐवजी दहा तास. यावेळचा ‘दुसरा’ म्हणजे शेजारची राज्ये. त्यांनी असे बदल आधीच केले आहेत, तेव्हा गुंतवणूक हवी तर आपल्यालाही केले पाहिजेत. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि एकोणतीस जुने कायदे त्यांत विलीन झाले. कामगार संघटनांनी निदर्शने केली, उद्योजकांच्या मंडळींनी स्वागत केले. दोन्ही अपेक्षित होते.

मी या बदलांना सरसकट शिव्या घालणाऱ्यांपैकी नाही. बारा तासांचे चार दिवस म्हणजे अठ्ठेचाळीस तास. उरलेले तीन दिवस मोकळे मिळत असतील तर चिपळूणहून लोट्याला रोज जाणारा माणूस कदाचित तेच पसंत करील. आठवड्याची अठ्ठेचाळीसची मर्यादा कायम आहे, त्यावर काम केले तर दुप्पट दर कायम आहे, आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल असे म्हटले आहे. वेतन संहितेत तर काही गोष्टी जुन्या कायद्यांपेक्षा सरस आहेत. वेळेवर पगाराचे जुने संरक्षण २०१७ पासून महिना चोवीस हजारांच्या आतल्यांनाच होते, ते आता सर्वांना आहे. किमान वेतन पूर्वी सरकारी यादीतल्या धंद्यांनाच लागू होते, ती यादी गेली. मासिक पगार ७ तारखेच्या आत. नोकरी सोडली किंवा काढून टाकले तर दोन कामकाजाच्या दिवसांत सगळी देणी. पगाराची चिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक. किमान वेतनाचा दावा पूर्वी सहा महिन्यांत करावा लागे, आता तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि भरपाई दाव्याच्या दहापटीपर्यंत मिळू शकते. ठेकेदाराने पैसे बुडवले तर ज्याचे काम चालले होते त्याला जबाबदारी झटकता येत नाही. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर.

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून एकूण पगाराच्या निम्मे तरी धरले पाहिजेत, या तरतुदीची पगारदार घरांत सध्या फार चर्चा आहे. हातात कमी येईल, ही भीती. पण त्याच हिशेबाने भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी वाढू शकते. तो प्रश्न ज्यांच्याकडे पगाराची चिठ्ठी आहे त्यांचा आहे. माझी काळजी वेगळी आहे. ती सांगायला मला एका शाखेची गोष्ट सांगितली पाहिजे.

शाखेचे नाव नको, गावाचेही नको. औद्योगिक वसाहतीजवळची शाखा होती आणि मी तिथे व्यवस्थापक होतो. एका ठेकेदाराच्या चाळीसएक कामगारांची खाती आमच्याकडे होती. दर महिन्याला पगार खात्यात जमा होई, रुपया-आण्यासह किमान वेतनाइतका. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा मुकादम पैसे काढायच्या चाळीस स्लिपा घेऊन येई, सगळ्यांवर अंगठे किंवा सह्या. रोखपाल कुरकुरला तेव्हा मुकादमाने कामगारांनाच रांगेत आणून उभे केले. त्यांनी पैसे काढले आणि शाखेच्या पायरीवरच काही भाग त्याच्या हातात ठेवला. पुढे एटीएम आले तेव्हा त्याचेही काम सोपे झाले. रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा घेऊन तो एकटाच यंत्रासमोर उभा राही. मी एकदा त्याला केबिनमध्ये बोलावून विचारले. तो मुळीच रागावला नाही. म्हणाला, “साहेब, तुमचं खातं जुळतंय ना? मग झालं तर.”

आणि खाते जुळत होते! जमा बरोबर, नावे बरोबर, सह्या बरोबर. तपासनीस आले, त्यांनी शेरा मारला नाही. मारणार कशावर? मी वरच्या कचेरीला एक पत्र लिहिले, ‘हा बँकेचा विषय नाही’ असे उत्तर आले, आणि खरे सांगतो, मला हायसे वाटले. त्या चाळिसांतला एकही माणूस माझ्याकडे तक्रार घेऊन आला नाही, असे मी तेव्हा स्वतःला सांगत असे. तो कसा येणार होता? नेमणुकीचा कागद नाही, हजेरीची वही मुकादमाकडे, कार्ड मुकादमाकडे. रोज किती तास काम करता, असे मी त्यातल्या एका पोरग्याला सहज विचारले होते. तो म्हणाला, “सुटेपर्यंत.”

वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच सांगून टाकले आहे. दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांचा तो खटला. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बंदी घातलेली वेठच होय, असा तो निर्णय. वेठ हा शब्द ऐकला की आपल्यासमोर चाबूक येतो. माझ्यासमोर पासबुक येते, व्यवस्थित छापलेले.

म्हणून ‘लेखी संमती’ हे शब्द वाचले की मी थबकतो. ज्याला नेमणुकीचा कागद मिळालेला नाही त्याच्या संमतीचा कागद मात्र फायलीत नीट लावलेला असेल, पहिल्याच दिवशी अंगठा घेऊन. नव्या संहितेत नेमणूकपत्र देणे सक्तीचे आहे हे खरे. ते प्रत्यक्ष किती जणांच्या हातात पडते, यावर पुष्कळसे अवलंबून आहे. पैसे दिल्याचा पुरावा मालकाने द्यायचा. पण आपण जादा तास काम केले हे निदान मांडावे तरी कामगारालाच लागते आणि त्याच्याकडे मांडायला काही नसते. तपासणारा अधिकारी आता ‘निरीक्षक आणि सुविधाकर्ता’ झाला आहे. पहिल्या चुकीला खटला न भरता त्याने आधी सुधारण्याची संधी द्यायची आहे. तपासनीस सौम्य झाला की वह्या सुधारतात असा माझा बँकेतला अनुभव नाही.

न्यायालये अगदी झोपलेली नाहीत. करोनाच्या काळात, २०२० साली, गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तास काम घेण्याची आणि जादा कामाला दुप्पटऐवजी साध्या दराने पैसे देण्याची मुभा दिली. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले आणि जादा कामाचे पैसे द्यायला लावले. महामारीमुळे आलेल्या अडचणींचा भार कामगारांवर टाकता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. पण तो निकाल एका संघटनेने लढून मिळवला होता. ‘सुटेपर्यंत’ काम करणाऱ्या त्या पोरग्याची संघटना कुठली?

आमचे थोरले चुलते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, ते गावाला आले ते परत गेलेच नाहीत. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत पगाराच्या चिठ्ठ्यांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. मूळ पगार, महागाई, जादा कामाचे, वजावट, सगळे वेगळे दाखवलेले. “तात्या, आता ही रद्दी कशाला?” असे मी एकदा विचारले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की बँकेत जाऊन मी काहीच शिकलो नाही. “अरे, आपल्या बाजूने बोलणारं तेवढंच एक आहे,” ते म्हणाले. तात्या गेल्यावर, गिरणी कामगारांच्या घरांसाठी सरकारने अर्ज मागवले तेव्हा, त्यांच्या मुलाला गिरणीतल्या नोकरीचा पुरावा हवा होता. ट्रंक उघडली. घर अजून लागलेले नाही. पण अर्ज फेटाळला गेलेला नाही, तो त्या रद्दीमुळे.

आज रामआळीतून संध्याकाळी चक्कर मारली की मला दुकानांत उभ्या असलेल्या मुली दिसतात. सकाळी दहाला आलेल्या असतात, रात्री नवाला शटर पडते. बसायला स्टूल असेल तर नशीब. (केरळने २०१८ साली दुकानातल्या नोकरांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. बसण्यासाठीही कायदा लागतो!) १९४८ च्या जुन्या कायद्यात लहान दुकानेही येत. २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना तासांच्या बंधनांतून बाहेर काढले, नुसती माहिती कळवली की झाले. लहान दुकानदाराचा जाच कमी व्हावा हा हेतू चांगलाच होता. आपल्या बाजारपेठेत दहा नोकर असलेली दुकाने किती, ते मोजायला मात्र एका हाताची बोटे पुरावीत. तेव्हा नवाचे दहा झाले की बारा, ही चर्चा त्या मुलींच्या डोक्यावरून जाते. त्यांना किमान वेतनाचा हक्क आहे, पण मोजायचे तास नाहीत.

पुतण्याचे उलटे आहे. त्याच्याकडे नेमणूकपत्र आहे, चिठ्ठी आहे, विमा आहे. आठवड्याला सत्तर तास काम करावे, असे एका नामवंत उद्योगपतींनी २०२३ साली तरुणांना सुचवले तेव्हा तो हसून म्हणाला, “काका, यात कमी करायचं सुचवलंय की वाढवायचं?” आम्ही बँकेतले अधिकारीही मार्चअखेरीला रात्री अकरापर्यंत बसत असू आणि त्याचा जादा पैसा मागणे आम्हाला कमीपणाचे वाटे. कारकुनांना तास होते, आम्हाला हुद्दा होता. हुद्द्याच्या मोबदल्यात माणूस किती तास फुकट देतो, याचा हिशेब निवृत्तीनंतर करू नये. त्रास होतो.

आता माझे स्वतःचे. निवृत्तीनंतर मी शहराबाहेर हापूसची थोडी कलमे सांभाळतो. आपल्याकडच्या बहुतेक बागांसारखा माझ्याकडेही राखणीला नेपाळी आहे, बायकोसह. दिवाळीच्या सुमाराला येतो, आंबा संपला की पावसाआधी जातो. दिवसा माकडे हाकायची, फवारणीला हात लावायचा, घळाने आंबे काढायचे, पेट्या भरायच्या आणि रात्री चोरांसाठी जागायचे. ठरलेले असते ते हंगामाचे ठोक. मधे लागेल तशी उचल घ्यायची, उरलेले जाताना. सगळे बागायतदार असेच करतात, मीही केले. कुणी मला विचारले असते तर मी म्हटले असते, घरच्यासारखा आहे तो.

वेतन संहितेतले पगाराच्या कालावधीचे कलम वाचताना माझी पंचाईत झाली. कालावधी रोजचा, आठवड्याचा, पंधरवड्याचा किंवा फार तर महिन्याचा. हंगामाचा नाहीच. म्हणजे त्याचे पैसे मी सहा-सात महिने बिनव्याजी वापरत होतो, लोखंड्यांच्या काळातल्या गिरणी मालकासारखा. मग मी बसून ठोक रकमेला दिवसांनी भागले, दिवसाला तासांनी भागले. तासांचा आकडा किती धरायचा हे मला सांगता येईना. निघालेला दर मी इथे छापत नाही. आमच्या हिने तो कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

गेल्या महिन्यात मी दोनशे पानी वही आणली. त्याला म्हटले, “रोज तूच लिहायचंस. किती वाजता सुरू, किती वाजता बंद. महिन्याच्या शेवटी दोघांनी सही करायची, आणि वही तुझ्याकडे राहील.” त्याला आधी वाटले, मी त्याच्यावर संशय घेतो आहे. ते निस्तरायला दोन दिवस गेले. शेजारच्या बागायतदारांनाही हे आवडलेले नाही. “तुम्ही पेन्शनवाले, तुमचं ठीक आहे, आम्हाला आंब्याचा भाव कोण लिहून देतो?” असे एकाने विचारले. त्याचे म्हणणे रास्त आहे. थ्रिप्स, अवकाळी पाऊस, दलाल यांतून त्याच्या हातात काय उरते ते मी जाणतो, त्याच्यासारख्यांची कर्जखाती मी पाहिलेली आहेत. पण त्याचा तोटा नेपाळ्याच्या जागरणातून भरून काढायचा, हे कोणी ठरवले, याचे उत्तर त्याच्याकडेही नव्हते.

वहीत आता वीस-बावीस दिवसांच्या नोंदी झाल्या आहेत. अक्षर वळणदार आहे, देवनागरीच. दिवसाचे तास सरळ आहेत. रात्रीच्या जागी त्याने पहिले काही दिवस प्रश्नचिन्ह काढले होते, कारण मचाणावर डोळा लागतो पण कुत्रे भुंकले की उठावे लागते. ते काम धरायचे की झोप, असे त्याने विचारले. मी कामगार खात्यात काम केलेल्या एका जुन्या स्नेह्याला फोन केला. तोही थोडा वेळ गप्प राहिला. काल त्याच्या बायकोने विचारले की पेट्या भरायला आणि कलमांना पाणी घालायला ती असते, तर तिचे तास याच पानावर लिहायचे की तिला वेगळे पान. ठोक ठरवताना तिचा आकडा आम्ही कधी धरलेलाच नव्हता.

तिच्यासाठी वेगळे पान काढले आहे. येत्या ७ तारखेला पहिला हिशेब करायचा आहे. रात्रीचे तास कसे धरायचे ते अजून ठरलेले नाही.